धोट्यातला दोरा

साच्यावरची, म्हणजे मागावरची, सुताची कांडी संपली की गिरणी कामगार आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी बसवायचा, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचा आणि श्वासानं आतला दोरा बाहेर ओढून घ्यायचा. पाळी संपेपर्यंत हे कितीतरी वेळा व्हायचं. पुढच्या पाळीला तोच धोटा दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याच्या ओठांना. या उष्ट्या दोऱ्याचं कारण सांगून मुंबईच्या कापड गिरण्यांनी अस्पृश्य कामगाराला साचेखात्याबाहेर, म्हणजे विणकामाबाहेर, ठेवलं. सूतकताईच्या त्रासनखात्यात तो चालायचा, कारण तिथं तोंड लावायचं काम नव्हतं. पगार मात्र साचेखात्यात जास्त होता.

संस्कृती आणि धर्म माणसाच्या वागण्याला स्वतःच्या बळावर वळण देतात, की पोटापाण्याची व्यवस्था जशी असेल तसं माणूस वागतो आणि मग त्याला धर्माचं नाव देतो? हा वाद निघाला की मला हा धोटा आठवतो. कारण गिरणीत सगळं बदललेलं होतं. गाव सुटलं होतं, बलुतं सुटलं होतं. एकाच भोंग्यावर सगळे आत जात होते आणि एकाच भोंग्यावर बाहेर पडत होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. त्याच वर्षी उन्हाळ्यात लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्सनं हिंदुस्थानाबद्दल लिहिलं की, रेल्वेमागून येणारे आधुनिक उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडतील आणि तिच्यावर उभी असलेली जातिव्यवस्थाही विरघळेल. पुढच्याच वर्षी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. म्हणजे भाकिताची कसोटी लागायला जागा आणि वेळ दोन्ही मिळाले. पाऊणशे वर्षांनी, १९२८ साली, एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रचंड संप या गिरण्यांत झाला. नेतृत्व लाल बावट्याचं, म्हणजे मार्क्सला मानणाऱ्यांचं. त्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आग्रह धरावा लागला की, साचेखातं अस्पृश्यांना खुलं करा हीसुद्धा मागण्यांतली एक मागणी असली पाहिजे. नेत्यांनी ती नाखुशीनं घेतली. अडथळा मालकापेक्षा शेजारच्या साच्यावरच्या कामगाराचा होता, आणि तोच युनियनचा कणा होता. १९३६ साली बाबासाहेबांनी लिहिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हे त्यांनी पुस्तकात वाचून लिहिलेलं नव्हतं, परळ-लालबागमध्ये पाहिलेलं होतं.

यावर भौतिकवादी, म्हणजे पोटापाण्याची व्यवस्थाच सगळं ठरवते असं मानणाऱ्या, मित्रांचं उत्तर असतं, आणि ते हलकं नाही. ते म्हणतात, विटाळ हे निमित्त होतं. खरा मामला जास्त पगाराच्या जागा राखण्याचा होता. साचेवाल्यांना स्पर्धा नको होती आणि त्यांना विटाळाची सबब मिळाली. मला यातलं अर्धं मान्य आहे. जागा राखायच्या होत्याच. पण गिरणीत रोज कोकणातून आणि घाटावरून नवीन माणसं येत होती, पार उत्तरेतूनही येत होती. गाववाल्याला, भाच्याला, मेव्हण्याला जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, हातापाया पडून साच्यावर चिकटवलं जात होतं. तेही स्पर्धकच होते की! कुणाला तरी बाहेर ठेवायचं एवढंच हितसंबंध सांगतो. नेमकं कुणाला ठेवायचं, हे गिरणीच्या फाटकाबाहेर, फार आधी, गावात ठरलेलं होतं. हितसंबंधाला स्वतःचे डोळे नसतात, त्याला माणसं ओळखायला संस्कृती शिकवते. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो विसरल्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत.

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपल्याकडे शहाणपण म्हणून सांगितली जाते. उपाशी माणसाला उपदेश करू नये, या अर्थानं ती खरी आहेच. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत तिचा एक सिद्धान्त झाला. आधी पाणी येऊ द्या, कारखाना येऊ द्या, शाळा-कॉलेज येऊ द्या, बाकीचं आपोआप सुधारेल, असं डावेही म्हणत होते आणि विकासवाले उजवेही म्हणत होते. मग पाणी आलं, कारखाने आले, कॉलेजं आली. त्या सगळ्याबरोबर सोनोग्राफी यंत्रही आलं.

शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हा आकडा महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होता. २००१ साली ९१३ झाला आणि २०११ साली ८९४. याच वीस वर्षांत राज्याचं उत्पन्न वाढत होतं, साक्षरता वाढत होती. २००१ साली सगळ्यात जास्त काळजीचे जिल्हे कोणते होते? ऊस, दूध, सहकारी बँका आणि शिक्षणसंस्थांचं जाळं असलेला कोल्हापूर ८३९ वर, शेजारचा सांगली ८५१ वर. शाहू महाराजांचा जिल्हा, हे लिहिताना आजही हात जड होतो. त्याच जनगणनेत, जिथं कितीतरी गावांना रस्ते नव्हते आणि दवाखाना गाठायला दिवस मोडायचा त्या गडचिरोलीत हा आकडा ९६६ होता.

म्हणजे सुबत्ता हेच कारण का? तसंही नाही. २०११ साली कोल्हापूर थोडा सावरून ८६३ वर आला आणि राज्यात तळाला गेला तो बीड, ८०७ वर. दहा वर्षांपूर्वी तिथं ८९४ होते. बीड दुष्काळी जिल्हा आहे, ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. आणि इथं भौतिकवादी मांडणीची सगळ्यात मोठी अडचण उभी राहते. बाईच्या श्रमाला बाजारात मोल असेल तर मुलगी नकोशी होणार नाही, असं अर्थशास्त्र सांगतं. देशाच्या बऱ्याच भागात ते खरंही ठरलं आहे. पण ऊसतोडीत मजूर मोजतात तो ‘कोयत्या’वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. बाई नसेल तर कोयता नाही. बाईच्या श्रमाचा हिशेब इतका उघड आणि रोकडा मांडणारा धंदा दुसरा सहसा सापडणार नाही. अशा जिल्ह्यात ८०७.

हा आकडा एकट्या ऊसतोड कुटुंबांचा नाही, साऱ्या जिल्ह्याचा आहे, हे मला ठाऊक आहे. सोनोग्राफीचे पैसे मोजू शकणारे व्यापारी, नोकरदार, बागायतदारही त्यात आले. पण मग तेच दिसतं: श्रीमंत कोल्हापूर आणि कोरडा बीड एका बाजूला, गरीब गडचिरोली दुसऱ्या बाजूला. पैशाच्या मोजपट्टीवर हे तिघं ओळीत बसत नाहीत. ओळ लागते ती वंश कुणी चालवायचा, अग्नी कुणी द्यायचा, लेकीच्या बापानं मांडवात किती वाकायचं, या प्रश्नांवर. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी वाटणाऱ्या समाजात या प्रश्नांची उत्तरं मूल जन्मायच्या आधीच तयार असतात. गडचिरोलीच्या आदिवासींमध्ये लग्नात देज मुलीकडे येतं, म्हणून तिथं मुलगी ओझं नाही, हेही कुणी सांगेल. बरोबर आहे. पण पैसा वराकडून वधूकडे जावा की वधूकडून वराकडे, हे तरी कोणत्या अर्थशास्त्रानं ठरवलं?

धर्मनिहाय आकडेही पाहण्यासारखे आहेत. २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४ टक्के, देशात सर्वात जास्त. त्यांच्यात दर हजार मुलांमागे ८७० मुली. मुसलमानांची साक्षरता ५९ टक्के, सहा मोठ्या धर्मांत सर्वात कमी. त्यांच्यात ९५० मुली. शीख समाजात सर्वात कमी, ७८६. आणि शीख आचारसंहितेत तर मुलीला मारणाऱ्याशी, कुडीमाराशी, व्यवहार ठेवू नये असा स्पष्ट दंडक आहे. जैन धर्माचा पायाच अहिंसा आहे. म्हणून मी ‘धर्म’ म्हणतो तेव्हा मला पोथीतला धर्म अभिप्रेत नाही. पोथी एक सांगते, उंबरठ्याच्या आतली रीत दुसरं सांगते, आणि माणसं रीत पाळतात. ती रीत बहुधा प्रदेशाची आणि जातीची असते. तिला धर्माचं पाठबळ असतं किंवा निदान धर्माचं मौन असतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक वागणूक संस्कृतीच्या खात्यावर टाकणारे लोकही आहेत, आणि त्यांनी जास्त विष पेरलं आहे. ‘त्यांच्या धर्मातच ते आहे’ हे वाक्य मुसलमानांच्या जन्मदराबद्दल किती वेळा ऐकलं असेल! १९९२-९३ साली मुसलमान स्त्रीला सरासरी ४.४ मुलं होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत २.३६. याच पाहणीत साऱ्या बिहारचा आकडा जवळजवळ ३ आणि केरळचा १.८. कुराण तेच राहिलं. मुलींच्या शाळा, दवाखाने आणि बाळ जगण्याची खात्री बदलली. मुलं किती, हा प्रश्न बराचसा भौतिक परिस्थितीनं सोडवला, सगळ्याच धर्मांत. पण मूल कोणतं, हा प्रश्न तिला सोडवता आला नाही. उलट ‘हम दो, हमारे दो’ झाल्यावर त्या दोनांत एक तरी मुलगा हवाच म्हणून निवड अधिक निष्ठुर झाली. चार-पाच मुलं होती तेव्हा मुलगा कधी ना कधी व्हायचा. छोट्या कुटुंबात वाट पाहायला जागा उरली नाही. विकासानं आधुनिक कुटुंब दिलं आणि त्या कुटुंबाला जुनीच इच्छा पुरवून घ्यायची घाई झाली.

भौतिक परिस्थिती पुरती पालटली तर? अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय, चिनी आणि कोरियन वंशाच्या आईबापांना अमेरिकेत झालेली मुलं त्यात पाहिली होती. पहिल्या मुलांत विशेष फरक नव्हता. पण आधीच्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या खेपेला मुलगे मुलींच्या दीडपट. तिथं शेती सांभाळायची नव्हती, मुलानं म्हातारपणी पोसलं नाही तर पेन्शन होती, हुंड्यासाठी कर्ज काढायचं नव्हतं. मुलगा हवा असण्याची पुस्तकात दिलेली भौतिक कारणं विमानतळावरच गळून पडली होती. इच्छा मात्र सोबत आली. त्या देशात मराठी घरंही आहेत, गणेशोत्सव आणि दिवाळी अंक जपणारी. कोणाच्या घरात काय झालं हे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. पण आपण सोबत काय नेतो, याचा विचार त्यांनी आणि आपण करायला हरकत नाही.

आतापर्यंतची उदाहरणं संस्कृतीच्या जडपणाची होती. ती तशीच सोडली तर निष्कर्ष निघेल की माणसं रूढीचे गुलाम आहेत, काही बदलत नाही. ते खोटं आहे, आणि ते खोटं ठरवणारा सर्वात मोठा प्रयोग याच महाराष्ट्रात झाला.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या गुरांचं मांस सोडायला सांगितलं. ही गोष्ट आपण आज फार पटकन वाचून जातो. ज्यांच्याकडे शेत नाही, ज्यांची चूल दुसऱ्यांच्या दारच्या भाकरीवर पेटते, त्यांना हाताशी असलेलं फुकटचं अन्न सोडायला सांगणं म्हणजे काय? मेलेलं जनावर ओढणं बंद केलं की मांस गेलं, कातडं गेलं, शिंगं-खुरांचे पैसे गेले, आणि वर गावकऱ्यांचा बहिष्कार आला. पोटोबा आधी असता तर हे घडलंच नसतं.

हाच आक्षेप त्या वेळी घेतला गेला होता, आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो स्वतः सांगितला. संगमनेरला एका सभेच्या वेळी कुणीतरी त्यांना लेखी प्रश्न विचारला: तुमचे लोक इतके गरीब, त्यांच्या बायकांना धड लुगडं-चोळी नाही, आणि तुम्ही त्यांना मेलेली गुरं ओढू नका सांगता, कातडी, शिंगं, मांस यांचं वर्षाला पाचशे रुपयांचं उत्पन्न सोडायला लावता, हे नुकसान नाही का? बाबासाहेबांचं उत्तर होतं की मग तुम्हीच ती गुरं ओढा आणि ते पाचशे रुपये तुम्हीच घ्या, वर मी माझ्याकडचेही देतो. पुढे कुणी आलं नाही. माणसाला इज्जत प्यारी असते, लाभ प्यारा नसतो, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितलं.

पाचशे रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. प्रश्न विचारणारा हिशेबात चुकलाही नव्हता. पण आक्षेप घेणाऱ्याला स्वतःला ते पाचशे रुपये का नको होते? तेच काम, तेवढेच पैसे, आणि एकासाठी ते ‘उत्पन्न’ तर दुसऱ्यासाठी विचारही करता न येण्याजोगी गोष्ट. लाभ कशाला म्हणायचं हेच जिथं धर्म ठरवतो, तिथं ‘माणूस लाभाप्रमाणे वागतो’ या वाक्यानं काय समजणार? आणि ज्या क्षणी वाड्यावस्त्यांतल्या माणसांनी ठरवलं की आम्हीही याला लाभ म्हणणार नाही, त्या क्षणी त्यांच्या खिशात एक पैसाही वाढलेला नव्हता. परिस्थिती तीच होती, स्वतःकडे पाहायची नजर बदलली होती.

१९५६ च्या धर्मांतरालाही किंमत होती. बौद्ध झालं की अनुसूचित जातींना मिळणाऱ्या केंद्राच्या सवलती जात होत्या. त्या १९९० साली परत मिळाल्या. लाखो माणसांनी हे माहीत असून दीक्षा घेतली. २०११ साली देशातल्या बौद्धांची साक्षरता ८१ टक्के होती, अनुसूचित जातींची ६६ टक्के. याचं सगळं श्रेय धर्मांतराला देणं भाबडेपणाचं होईल. देशातले तीन चतुर्थांशांहून जास्त बौद्ध महाराष्ट्रात आहेत आणि महाराष्ट्राची साक्षरता मुळातच जास्त आहे. शिवाय महार समाजाकडे ठरावीक कसबाचा धंदा नव्हता म्हणूनच तो लष्करात, रेल्वेत, गोदीत, गिरण्यांत लवकर गेला. ती भौतिक पायवाट खरी आहे. पण पायवाट चालायचं ठरवणाऱ्या आया होत्या, ज्यांनी दुसऱ्याच्या घरची भांडी घासून पोरांना वसतिगृहात ठेवलं, कारण घरात एका तसबिरीखाली ‘शिका’ असं लिहिलेलं होतं. त्याच गिरणीत, त्याच पगारावर राबणाऱ्या कितीतरी इतर घरांत तो शब्द त्या जोरानं पोहोचला नव्हता.

बाबासाहेबांना भौतिक प्रश्न कळत नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारीची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक त्यांनी १९३७ साली आणलं. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. ‘आणि’ हा शब्द तिथं महत्त्वाचा आहे. एकाला मारलं की दुसरा आपसूक मरेल, अशी आशा त्यांनी कधीच दाखवली नाही. आपण ती अजून दाखवतो.

सरकारी योजना पाहा. २०२३ पासून ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं एक लाख एक हजार रुपये मिळतात. तिच्या शाळेसाठी हे पैसे मोलाचे आहेत, ते मिळालेच पाहिजेत. पण मुलगी नकोशी होण्याचं कारण गरिबी आहे, हे गृहीतक त्यात दडलेलं आहे. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरात, तीन मजली बंगल्यात, मुलगी का नकोशी होते? सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं लावलेल्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. त्या कार्यक्रमाला तेव्हा पुष्कळांनी वरवरचा म्हटलं. मला तो तसा वाटला नाही. कुणीतरी जखमेच्या नेमक्या जागी हात ठेवला होता.

कायद्यानं मालमत्तेचा प्रश्नही सोडवून पाहिला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. भौतिक पायाच बदलला म्हणायचा. तरी तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बहिणींच्या हक्कसोड पत्रांची रांग काही कमी झाली नाही. माझ्या आईनंही सही केली आहे. तिच्या वाट्याला आलेली जमीन बागायती होती, रस्त्याला लागून. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि तिच्याशी भांडलो होतो. आपलं घर भाड्याचं आहे, बाबांची नोकरी कायम नाही, हे सगळं तिच्यासमोर मांडलं. तिनं ऐकून घेतलं. ‘दिवाळीला जायला एक दार नको का रे मला?’ एवढंच म्हणाली.

दार दोघांनाही हवं होतं. मामा आजही भाऊबीजेला तिची वाट पाहतो, ती पोहोचेपर्यंत जेवत नाही, आणि त्याचं तिच्यावरचं प्रेम खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते दार उघडं राहावं म्हणून जमीन सोडायची वेळ त्याच्यावर येईल, असं त्या दिवशी कचेरीत बसलेल्या कुणाच्याही मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी आईला सही करू नको म्हणत होतो. मामाला सही घेऊ नको असं सांगायला मी गेलोच नाही.